बाळंतपण कोणाच्या हाती द्यायचं: मिडवाइफ, सिस्टर की डॉक्टर?

माझी मुलगी २०१४ साली माहेरी झाली, जिल्ह्याच्या गावातल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये. रात्री अकराच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. त्या रात्री माझ्याजवळ होत्या त्या एक सिस्टर. पन्नाशीच्या, मनगटावर उलटं बांधलेलं घड्याळ. पोटावर हात ठेवायच्या, घड्याळाकडे बघत कळ मोजायच्या आणि कळ ओसरली की पाठ चोळायच्या. मी दात-ओठ आवळून धरले की म्हणायच्या, "जबडा सैल सोड गं, वर आवळलंस की खालीही आवळतं." डॉक्टर पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी आले आणि वीस मिनिटांत मुलगी झाली. बिलावर डॉक्टरांचं नाव होतं. त्या सिस्टरांचं नाव मला आजही माहीत नाही.

मुलगा २०१९ साली इंग्लंडमध्ये झाला. तिथे नऊ महिने मला तपासलं ते मिडवाइफनं. डॉक्टरांशी माझी गाठ पडली ती थेट शेवटच्या रात्री, कारण पिशवी फुटली आणि पाणी हिरवट, दाट आलं. म्हणजे बाळानं आत शी केली होती. मिडवाइफनं मला तिथल्या तिथे सांगितलं, "आता बाळाचे ठोके सतत मशीनवर बघावे लागतील, आपण डॉक्टरांच्या विभागात जातोय." दोन्ही विभागांच्या मध्ये एक लांब पॅसेज होता. ट्रॉलीवरून जाताना ती माझ्या बाजूनं चालत होती, आणि पुढेही तीच थांबली.

तेव्हापासून ओळखीतल्या कोणाला दिवस गेले आणि तिनं मला "मिडवाइफ की डॉक्टर?" असं विचारलं, तर मी तिला दोन गोष्टी शोधायला सांगते. कळांचे आठ-दहा तास तुझ्याजवळ कोण बसणार? आणि काही अडलं तर किती मिनिटांत, कोण येणार? या दोन्हींची चांगली उत्तरं जिथे एकत्र मिळतील, ते ठिकाण तुझं. मी स्वतः डॉक्टर नाही. पण दोन बाळंतपणं आणि नंतरची कित्येक वर्षं बहिणी, वहिनी, मैत्रिणींबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसून जे कळलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

पहिली पायरी: कोण काय करू शकतं, ते ओळखा

"सुईण" आणि "मिडवाइफ" या दोन शब्दांत आपल्याकडे फार घोळ होतो. गावची सुईण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर काम करायची. तिच्याकडे माया होती, हातांना जाण होती. पण रक्तस्राव थांबवायचं औषध नव्हतं आणि झटके आले तर काही करता येत नव्हतं. तिच्याबद्दल आदर ठेवूनही सांगते, आज बाळंतपण फक्त तिच्या भरवशावर करू नका.

मिडवाइफ म्हणजे या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलेली, नोंदणीकृत व्यावसायिक. तिला साधं गरोदरपण आणि साधं बाळंतपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः सांभाळता येतं, आणि काही वेगळं दिसलं तर ते वेळेत ओळखून डॉक्टरांकडे सोपवता येतं. सिझर करणं किंवा चिमटा (फोर्सेप्स) लावून बाळ काढणं तिच्या कामात बसत नाही. आपल्याकडच्या एएनएम, म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, यांच्या पदनामातच "प्रसाविका" आहे. जीएनएम, म्हणजे परिचर्येची पदविका, झालेल्या सिस्टरांच्या शिक्षणातही प्रसूतिशास्त्र असतं. प्रसूतीचं कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्या एएनएमना वार (प्लासेंटा) पडताना रक्तस्राव आवरणारं ऑक्सिटोसिन द्यायला आणि झटक्यांच्या रुग्णाला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवायला परवानगी आहे. हे बारीकसारीक वाटेल, पण जीव वाचतात ते इथेच.

याच्या पुढची पायरी भारतात अलीकडे सुरू झाली. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत परिचारिकांना आणखी १८ महिने शिकवून "नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी" तयार करायच्या, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांतच त्यांचे स्वतंत्र विभाग उघडायचे, अशी ही योजना. साध्या केसेस त्या बघणार, डॉक्टर त्याच इमारतीत हाकेच्या अंतरावर असणार. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलनं हे शिक्षण २०११ पासूनच सुरू केलं होतं आणि तेलंगण सरकारनं पुढे त्यांच्याबरोबर काम केलं. महाराष्ट्रात आज तुमच्या तालुक्यात अशी मिडवाइफ असेलच असं नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रसूती विभागात थेट जाऊन विचारा.

डॉक्टरांचंही असंच. स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञ म्हणजे एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ झालेले. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री जे "डॉक्टर" थांबतात, ते बरेचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. ते निष्णात असू शकतात, पण सिझर ते करणार नाहीत. काही ठिकाणी "सिस्टर" म्हणून वावरणाऱ्या मुली तिथेच काम करता करता शिकलेल्या असतात, नोंदणी नसते. विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. तरी विचारा: "रात्रपाळीच्या सिस्टर जीएनएम आहेत का? महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे का?" चांगल्या ठिकाणी याचा राग कोणाला येत नाही.

दुसरी पायरी: आपलं गरोदरपण साधं आहे का, ते आधी ठरवा

मिडवाइफच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरांच्या हाती बाळंतपण सोपवायचं, तर गरोदरपण कमी जोखमीचं हवं. आवडीनिवडीचा प्रश्न त्याच्या नंतर येतो. खालीलपैकी काहीही असेल, तर प्रसूतितज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर असलेलं ठिकाणच निवडा:

- आधीचं सिझर, किंवा गर्भाशयावरचं इतर कुठलं ऑपरेशन
- जुळं, किंवा शेवटच्या महिन्यातही पायाळू वा आडवं बाळ
- रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, लघवीत प्रथिनं
- मधुमेह, मग तो आधीचा असो वा गरोदरपणात आलेला
- हिमोग्लोबिन ७ च्या खाली. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, तेही वेळेत भरून काढायला हवं
- हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार, फिट्स, सिकलसेल
- वार खाली असणं, अंगावरून रक्त जाणं
- मागच्या वेळी खूप रक्तस्राव, हातानं काढावी लागलेली वार, किंवा बाळ दगावलेलं असणं
- उंची १४० सेंटिमीटरहून कमी, वय २० च्या आत किंवा ३५ च्या पुढे

सिकलसेलचा उल्लेख मुद्दाम केला. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या बऱ्याच भागांत हा आजार आहे आणि कित्येक बायकांना स्वतःला तो असल्याचं गरोदरपणात पहिल्यांदा कळतं. रक्ताच्या पहिल्या तपासणीत तो बघून घ्या.

ही यादी एकदा वाचून बाजूला ठेवायची नाही. जोखीम बदलते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीनंतर, सातव्या महिन्यात साखरेची तपासणी झाली की, आणि ३६ व्या आठवड्यात बाळाचं डोकं कुठे आहे ते कळल्यावर, अशी तीनदा ती पुन्हा बघा. माझ्या मावसबहिणीचं सगळं सुरळीत होतं. ३५ व्या आठवड्यात पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. "शेवटच्या महिन्यात सुजतातच पाय," असं घरातलं प्रत्येकजण म्हणालं. आशाताईंनी हट्टानं रक्तदाब मोजायला लावला. तो १५० च्या वर निघाला. तिचं ठिकाण त्याच दुपारी बदललं.

खासगीत दाखवत असलात तरी सरकारी यंत्रणेत नाव नोंदवा आणि माता बाल संरक्षण कार्ड घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टर मोफत तपासतात. जिथे एरवी फक्त एएनएम सिस्टर तपासतात, तिथे निदान एकदा डॉक्टरांच्या नजरेखालून जायची ही सोपी वाट आहे.

तिसरी पायरी: माहेर की सासर, याचा निर्णय डोहाळजेवणाआधी

या विषयावर लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न सोडून दिलेला असतो, आणि आपल्याकडे बहुतेक घोटाळे इथेच होतात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सात महिने पुण्यात किंवा ठाण्यात एका डॉक्टरांकडे दाखवायचं आणि आठव्यात बार्शीला किंवा चाळीसगावला जायचं. म्हणजे जिनं तुम्हाला सात महिने पाहिलं ती प्रसूतीला नसते, आणि जी प्रसूतीला असते तिनं तुम्हाला जेमतेम चारदा पाहिलेलं असतं.

आईजवळ असण्याचं मोल मला ठाऊक आहे. पहिल्या वेळी मी माहेरीच गेले आणि मला त्याचा पस्तावा नाही. पण एक चूक मी केली. आठव्या महिन्यात जाऊन मग दवाखाना शोधला, "आपले नेहमीचेच डॉक्टर आहेत" एवढ्या आधारावर. तिथे भूलतज्ज्ञ चाळीस किलोमीटरवरच्या गावातून येतात, हे मला मुलगी झाल्यानंतर कळलं.

माहेरी जायचंच असेल तर असं करा. पाचव्या महिन्यात, प्रवास सुखाचा असतो तेव्हा, एक फेरी मारा आणि तिथल्या डॉक्टरांना किंवा केंद्रातल्या सिस्टरांना भेटून नाव नोंदवा. सगळे रिपोर्ट, सगळ्या सोनोग्राफी एका फायलीत तारखेनुसार लावा. आधीच्या डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घ्या: रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर, चालू औषधं, काही विशेष. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन कधी दिलं किंवा द्यायचं आहे, तेही लिहून घ्या. आणि दुसऱ्या पायरीतल्या यादीतलं काही तुम्हाला लागू असेल, पण माहेरच्या गावात थिएटर नसेल, तर आईनं तुमच्याकडे येऊन राहावं. आईला हे सांगणं जड जातं. माझ्या वहिनीनं डॉक्टरांना तिच्या आईशी फोनवर बोलायला लावलं, तेव्हा प्रश्न मिटला.

चौथी पायरी: रात्री दोनचे प्रश्न

ठिकाण निवडताना दुपारी बारा वाजताचं चित्र बघू नका. रात्री दोन वाजता, रविवारी, गणपतीच्या दिवसांत तिथे काय असतं ते विचारा. हे प्रश्न लिहून न्या, कारण केबिनमध्ये शिरल्यावर अर्धे विसरतात.

"कळा सुरू झाल्यापासून माझ्याजवळ कोण असेल? त्यांच्याकडे त्याच वेळी आणखी किती जणी असतील?" नुसतं "सिस्टर असतात ना" एवढ्यावर थांबू नका. तीन मजल्यांना मिळून एक सिस्टर असेल तर ती जवळ बसू शकत नाही, तिची कितीही इच्छा असो.

"डॉक्टर कुठे राहतात? भूलतज्ज्ञ? बाळाचे डॉक्टर?" सिझर ठरल्यापासून तातडीच्या वेळी ३० मिनिटांत बाळ बाहेर यावं, हा जगभर वापरला जाणारा मापदंड आहे. तो डोक्यात ठेवून उत्तर ऐका.

"रक्त कुठून येतं?" इथे थोडं थांबून सांगते. बाळंतपणानंतरच्या जोरदार रक्तस्रावात उपचार मिळाले नाहीत तर दोनएक तासांत बाई दगावू शकते. रक्तपेढी किंवा रक्तसाठा केंद्र किती अंतरावर आहे, हे म्हणूनच लेबर रूमच्या टाइल्सपेक्षा महत्त्वाचं.

"बाळ झाल्याबरोबर ऑक्सिटोसिन देता ना?" वार पडताना जास्त रक्त जाऊ नये म्हणून बाळ जन्मताच १० युनिट ऑक्सिटोसिन दंडात किंवा मांडीत द्यायचं असतं. मिडवाइफ असो वा डॉक्टर, हे व्हायलाच हवं. याच औषधाची दुसरी बाजूही माहीत असू द्या. बाळ व्हायच्या आधी कळा वाढवायला हेच औषध सुईनं एकदम टोचणं अतिशय धोक्याचं आहे, गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. कळा वाढवायच्याच असतील तर ते सलाइनमधून, थेंब मोजत, बाळाचे ठोके बघत आणि सिझरची सोय असलेल्या ठिकाणीच. घरी येऊन कोणी "कळांचं इंजेक्शन देतो" म्हणाले, तर त्यांना दारातूनच परत पाठवा.

"नवरा किंवा आई आत थांबू शकते का?" सरकारी रुग्णालयांत जवळच्या बाईला सोबत थांबू देण्याचं धोरण २०१६ पासून आहे. खासगीत ते डॉक्टरांवर अवलंबून असतं.

"पहिलटकरणीला सरसकट कापा देता का? पोटावर दाब देऊन बाळ ढकलता का?" कापा म्हणजे बाळाची वाट मोठी करायला खाली दिलेला छेद. तो सरसकट देणं आणि पोटावरून ढकलणं, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही. मला २०१४ साली कापा दिला गेला, तो का दिला हे कोणी सांगितलं नाही आणि टाके दुखायचे म्हणून दीड महिना मला मांडी घालून बसता येत नव्हतं. गरज असेल तेव्हा कापा द्यावाच लागतो. पण "गरज पडली तरच, आणि तुम्हाला सांगून" हे उत्तर मिळायला हवं.

"सिझरचं प्रमाण किती?" २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात. सरकारी ठिकाणी १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. एवढा मोठा फरक केवळ बायकांच्या तब्येतीतून येऊ शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी नुसत्या आकड्यावरून डॉक्टरांना जोखू नका. मोठ्या रुग्णालयात चार तालुक्यांतल्या अडलेल्या केसेस येतात, तिथे प्रमाण जास्त असणारच. म्हणून प्रश्न असा विचारा: "माझ्यासारख्या, पहिल्याच वेळच्या, बाकी सगळं ठीक असलेल्या बायकांत किती?" आणि "नॉर्मल झालं नाही म्हणून सिझर" हे किती तासांनी ठरवता, तेही. गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंत कळा हळूहळू वाढू शकतात आणि त्यानंतरही दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असं नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आई आणि बाळ ठणठणीत असताना केवळ घड्याळाकडे बघून ऑपरेशन ठरू नये.

शेवटी खर्चाचं. सरकारी ठिकाणी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. खासगीत नॉर्मल आणि सिझर दोन्हींचं पॅकेज लेखी घ्या, आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर दिवसाला किती, तेही आधीच विचारा. भिंतीवर केंद्र सरकारचं "लक्ष्य" किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी संघटनेचं "मान्यता" हे प्रमाणपत्र असेल, तर लेबर रूमचा दर्जा कोणीतरी तपासलेला आहे असं समजा.

पाचवी पायरी: मिडवाइफच हवी असेल तर

मिडवाइफच्या देखरेखीचा फायदा खरा आहे. २०१६ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून, १७ हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासून वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं जो आढावा काढला, त्यात कमरेतली भूल, कापा, चिमटा-व्हॅक्यूम आणि वेळेआधीची प्रसूती हे सगळं मिडवाइफकडे कमी आढळलं. सिझरमध्ये मात्र स्पष्ट फरक दिसला नाही; २०२४ च्या नव्या आढाव्यात तो दिसला, पण थोडाच. "मिडवाइफ घेतली की सिझर टळतं" असं कोणी सांगितलं तर ते जाहिरातीतलं बोलणं समजा. शिवाय हे अभ्यास ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड अशा देशांतले आहेत, जिथे मिडवाइफच्या मागे अख्खी रुग्णालय व्यवस्था उभी असते.

आपल्याकडे मोठ्या शहरांत काही खासगी मिडवाइफ आणि बर्थ सेंटर आहेत. तिथे गेलात तर परिचारिकेची नोंदणी, मिडवाइफरीचं शिक्षण कुठलं, आतापर्यंत किती प्रसूती स्वतः केल्या, कोणत्या केसेस त्या घेत नाहीत, एवढं विचाराच. "आम्ही सगळ्या घेतो" म्हणणाऱ्यांकडे थांबू नका. बाईची हिंमत वाढवायला सोबत करणारी डुला ही वेगळी. ती फार आधार देते, पण तिनं बाळंतपण करायचं नसतं. मग विचारा, मिडवाइफचं कुठल्या प्रसूतितज्ज्ञांशी आणि कुठल्या रुग्णालयाशी ठरलेलं आहे. त्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः एकदा भेटा. मिडवाइफ सांगेल तेव्हा ते प्रश्न न विचारता दाखल करून घेणार का, हे त्यांच्या तोंडून ऐका. नातं नीट असेल तर ते त्यांच्या बोलण्यात लगेच जाणवतं.

घरी बाळंतपण करायचं मनात असेल, तर इंग्लंडचे आकडे सांगते, कारण ते फार वेळा अर्धवट उद्धृत होतात. २०११ साली तिथे कमी जोखमीच्या ६४ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. दुसरेपणाच्या किंवा पुढच्या बायकांत घरी ठरवलेलं बाळंतपण बाळासाठी रुग्णालयाइतकंच सुरक्षित दिसलं. पहिलटकरणींमध्ये बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण रुग्णालयात हजारी ५.३ होतं, घरी ९.३. आणि घरी ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना मध्येच किंवा लगेच नंतर रुग्णालयात हलवावं लागलं. हे त्या देशात, जिथे मिडवाइफ सरकारी नोकरीत आहे, अँब्युलन्स तिच्या एका फोनवर येते आणि रुग्णालय वाट बघत असतं. आपल्याकडे ती साखळी नाही. म्हणून महाराष्ट्रात मी घरच्या बाळंतपणाचा सल्ला कोणालाच देत नाही, आणि पहिल्या वेळी तर मुळीच नाही.

सगळ्यात जमण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. असं नर्सिंग होम किंवा सरकारी रुग्णालय शोधा, जिथे डॉक्टर आपल्या सिस्टरांना मोकळेपणानं काम करू देतात. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टर सिस्टरांशी कसं बोलतात ते बघा. सिस्टरनं "सर, यांचा बी. पी. मला जास्त वाटतोय" म्हटल्यावर डॉक्टर मान वर करून ऐकतात का? ऐकत असतील, तर रात्री दोन वाजता केलेल्या फोनवरही ऐकतील.

सहावी पायरी: परदेशात असाल तर

ब्रिटनमध्ये दिवस गेल्याचं कळलं की थेट मिडवाइफकडे नाव नोंदवता येतं, आधी डॉक्टरांना भेटायची सक्ती नाही. सगळं ठीक असेल तर पहिलटकरणीला साधारण १० भेटी, दुसरेपणाला ७. आपल्याकडून गेलेल्यांना धक्का बसतो: दर महिन्याला सोनोग्राफी नाही, एरवी फक्त दोनच. सुरुवातीला मला दुर्लक्ष झाल्यासारखं वाटायचं. पण मिडवाइफ टेपनं पोट मोजायची, हातानं बाळ चाचपायची, दर वेळी लघवी आणि रक्तदाब बघायची. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तुझ्या वेळी नर्सबाई असंच बघायच्या." पहिलं सिझर झालेलं असेल किंवा आजार असेल, तर तिथेही तुमचं बाळंतपण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरतं. रुग्णालयाच्या आवारातलंच मिडवाइफचं बर्थ सेंटर आपल्या मंडळींना सहसा सोयीचं पडतं, कारण हलवायचं झालं तर अँब्युलन्स लागत नाही. इंग्रजीत बोलायला अडखळत असाल तर मोफत दुभाषी मागा. नवऱ्याला भाषांतराला बसवू नका, काही गोष्टी त्याच्यासमोर सांगता येत नाहीत.

नेदरलँड्समध्येही सुरुवात मिडवाइफपासूनच होते, आणि नंतर घरी येऊन आई-बाळाची देखभाल करणारी प्रशिक्षित बाई विम्यातून मिळते. अमेरिकेत बहुतेक बाळंतपणं डॉक्टरच करतात. तिथे मिडवाइफ हवी असेल तर ती सर्टिफाइड नर्स मिडवाइफ आहे ना ते बघा, कारण दुसऱ्या काही प्रकारच्या मिडवाइफना सगळ्या राज्यांत परवाना नाही. आणि विमा कंपनीला आधी फोन करा.

सातवी पायरी: एक कागद आणि एक माणूस

आठव्या महिन्यात एका कागदावर मराठीत पाच-सहा ओळी लिहा आणि फायलीच्या पहिल्या पानावर लावा. सोबत कोण असेल. चालत-फिरत, कुशीवर राहू द्यावं. काहीही टोचण्याआधी सांगावं. बाळ ठीक असेल तर लगेच छातीवर द्यावं. रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांची नावं आणि फोन नंबर. लांबलचक पानं कोणी वाचत नाही.

माणूस असा निवडा जो घाबरत नाही आणि भांडत नाही. नवरा असेल तर उत्तम, पण माझ्या वेळी इंग्लंडात नवरा आणि भारतातून आलेल्या सासूबाई दोघंही होते, आणि खरा आधार झाल्या त्या सासूबाई. कमरेत कळ उठली की त्या न सांगता मुठीनं दाबून धरायच्या.

आठवी पायरी: हे दिसलं तर कोणाचीही वाट बघू नका

अंगावरून लाल रक्त. डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर सूज. झटके. बाळाची हालचाल कमी होणं. पाणी हिरवट येणं, किंवा पाणी जाऊनही कळा नसणं. ताप. बाळंतपणानंतर तासाभरात पॅड भिजून जाणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन, आणि थेट सिझरची सोय असलेल्या रुग्णालयात. आधी छोट्या ठिकाणी, मग मोठ्या, असा जिना चढत बसलात तर त्यातच वेळ जातो. गाडीचा नंबर, गाडीवाल्याचा नंबर आणि दोन हजार रुपये नवव्या महिन्यात दाराशी तयार ठेवा.

नववी पायरी: घरी आल्यानंतर कोण येणार

हा प्रश्न निवडतानाच विचारायचा असतो. इंग्लंडमध्ये मिडवाइफ दुसऱ्या दिवशी घरी आली, पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं, माझे टाके पाहिले, आणि दार लावून घेऊन मला एकटीला विचारलं, "रडू येतं का?" तोवर मला ते कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या वेळी मला सांगितलं होतं, "टाके बघायला आठव्या दिवशी या."

आपल्याकडे आशाताई बाळाला बघायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. खासगीत बाळंतपण झालं तरी त्यांना कळवा. बाळाला घरी जाऊन तपासायची ही कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेनं गावातल्या साध्या बायकांना शिकवून सिद्ध केली आणि मग देशभर गेली. आशाताई बाळाचं वजन करायला येतील तेव्हा तुमचाही रक्तदाब मोजला जाईल असं बघा. बाळंतपणानंतर पहिला आठवडाभर तो चढू शकतो, आणि घरात सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे असतं.